ठाण्यात थर्मल दुर्बिणीने रात्रीचं जंगल बघायचंय? आधी हे वाचा

घोडबंदर रोडला घर घेताना दलालाने गॅलरीतून समोरचा डोंगर दाखवला आणि त्या डोंगरापायी भावही चढवला. डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. दिवसा हिरवागार, आणि रात्री काळा पडदा. मग एका पहाटे सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून बिबळ्या चालत गेलेला सीसीटीव्हीत सापडला. ती बारा सेकंदांची क्लिप अख्ख्या सोसायटीने व्हॉट्सअॅपवर पाहिली. मला मात्र ते जनावर डोळ्यांनी बघायचं होतं.

थर्मलच्या, म्हणजे अंगाच्या उबेवरून चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या, नादाला मी लागलो तो तिथून. शोधायला बसलो तर जी माहिती सापडली ती सगळी बंदुकीवर लावायच्या थर्मलची. टेक्ससमधले शेतकरी रात्री रानडुकरं मारतात, त्यांच्या रायफलीवर कोणतं थर्मल बसवावं, झटका बसल्यावर निशाणा हलतो का, झिरो कसा करावा, म्हणजे निशाणा कसा जुळवावा. मला त्यातलं काहीच नको होतं, पण यंत्र तेच होतं. तीन महिने ते सगळं वाचून, चाळून, त्यातून आपल्या कामाचं तेवढं वेगळं काढलं. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. बंदुकीचा विषय इथेच संपवा

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. बिबळ्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार, वाहन, साधन सरकारजमा होतं. शेतीचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याच्या परवानगीची वेगळी वाट आहे, पण ती शेतकऱ्यासाठी आणि कागदावरच्या अटींसह. हौसेखातर थर्मल घेणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

हे इतकं स्पष्ट लिहायचं कारण आहे. "छर्ऱ्याच्या बंदुकीला तर लायसन लागत नाही, तिच्यावर लावू की," असं म्हणणारे मला दोनदा भेटले आहेत. बंदुकीला परवाना लागो न लागो, तिने ससा किंवा पाखरू मारणं ही शिकारच. आणि कायद्यातली "शिकार" म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं, यांचा प्रयत्नसुद्धा तिच्यात येतो. म्हणून बिबळ्या नीट दिसावा म्हणून भिंतीजवळ कोंबडीची आतडी टाकायची कल्पना कुणी सुचवली, तर त्या माणसाला पुढच्या वेळी बोलावू नका.

२. नाइट व्हिजन आणि थर्मल: आधी फरक समजून घ्या

दुकानात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. पहिला घोळ इथे होतो.

नाइट व्हिजनला थोडा तरी प्रकाश लागतो. जुन्या पद्धतीचं यंत्र चांदण्याचा प्रकाश हजारो पटींनी वाढवून दाखवतं. स्वस्त डिजिटल यंत्रं स्वतःच इन्फ्रारेड दिवा फेकतात. ८५० नॅनोमीटरचा दिवा असेल तर समोरून बारीक लाल ठिपका दिसतो, ९४० चा असेल तर दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी. झाडी दाट असेल तर दोन्ही दिवे निकामी, कारण पुढच्याच पानांवरून उजेड परत येतो आणि समोर पांढरा भिंतीसारखा पडदा.

थर्मलला प्रकाशाशी देणंघेणं नाही. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे इन्फ्रारेड किरण सोडते. त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीचे किरण हे यंत्र पकडतं आणि त्यांचं चित्र करतं, जितकं गरम तितकं पांढरं. झुडपात अर्धवट लपलेला ससा नाइट व्हिजनला सापडणार नाही, थर्मलला पानांच्या फटीतून एक पांढरा तुकडा दिसेल. उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला, आपल्या येऊरच्या जंगलात निसर्गाने हे यंत्र आधीच बनवून ठेवलंय. चापडा सापाच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो, त्याने तो अंधारात उंदराची ऊब ओळखतो.

एक गोष्ट मात्र थर्मल अजिबात दाखवत नाही: रंग. बिबळ्याचे ठिपके दिसतील अशी आशा सोडा.

३. जाहिरातीतले आकडे वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, पैसे इथेच वाचतात.

*सेन्सर.* २५६×१९२, ३८४×२८८ आणि ६४०×५१२ हे नेहमीचे तीन आकार. मोबाइलचा कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा असताना हे आकडे हास्यास्पद वाटतात. पण ३८४×२८८ म्हणजे जेमतेम एक लाख दहा हजार ठिपके (पिक्सेल), आणि थर्मलमध्ये तेवढे चांगले समजतात.

*लेन्स.* ही काचेची नसते, जर्मेनियमची असते, म्हणून यंत्र महाग. १०, १९, २५, ३५ मिलिमीटर अशी मापं येतात. लेन्स जितकी लांब तितकं दूरचं मोठं दिसतं, आणि बाजूचं कमी.

आता एक त्रैराशिक. हल्लीच्या बहुतेक सेन्सरमध्ये एक ठिपका १२ मायक्रॉनचा असतो. २५ मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवर एक ठिपका ४.८ सेंटिमीटर जागा व्यापतो. १० मिलिमीटरची असेल तर १२ सेंटिमीटर. बिबळ्याची खांद्याशी उंची साठेक सेंटिमीटर धरा. म्हणजे शंभर मीटरवर छोट्या लेन्समधून तो पाच ठिपके उंच दिसेल, मोठीतून बारा.

पाच ठिपक्यांत काय कळतं? १९५८ साली जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने याचा हिशोब मांडला, आणि तो आजही वापरतात. ढोबळ मानाने, दोन ठिपके मिळाले तर "काहीतरी आहे" एवढं कळतं. आठ मिळाले तर कोणत्या प्रकारचं, म्हणजे माणूस की जनावर, ते कळतं. नेमकं कोणतं ते ओळखायला तेरा लागतात. तेही निम्म्या वेळा.

हे डोक्यात बसलं की "डिटेक्शन रेंज १२०० मीटर" या जाहिरातीचा अर्थ लागतो. २५ मिलिमीटरच्या लेन्समधून १२०० मीटरवर एक ठिपका जवळजवळ ५८ सेंटिमीटरचा होतो. उभा माणूस तीन ठिपक्यांचा. कंपनी खोटं बोलत नाही, तिला तीन ठिपके दिसले. तुम्हाला ते दिव्याचे आहेत, गाईचे की बिबळ्याचे हे कळणार नाही. माझा नियम असा: जाहिरातीतलं अंतर आठाने भागा, उरेल ते आपलं.

डिजिटल झूमने यात काडीचा फरक पडत नाही. पाच ठिपके मोठे केले तरी पाचच राहतात, फक्त चौकोनी दिसतात.

*एनईटीडी.* तापमानातला किती सूक्ष्म फरक यंत्राला कळतो त्याचं माप, मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात. आकडा जितका लहान तितकं चांगलं. अमेरिकेच्या कोरड्या माळरानावर ५० चालून जातं. आपल्याकडची दमट हवा बघता २५ किंवा त्याखालचं घ्या. ठाण्यातल्या माणसाने पैसे कुठे जास्त घालायचे, तर इथे.

*रिफ्रेश रेट.* चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. ९, २५ किंवा ५० हर्ट्झ. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे बरीच स्वस्त यंत्रं ९ हर्ट्झला अडवलेली असतात. बसलेलं घुबड बघायला चालतं. पळणारा कोल्हा मात्र जुन्या मूकपटासारखा उड्या मारत जातो.

४. खरेदी: स्कोप नको, मोनोक्युलर घ्या

स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण, मोनोक्युलर म्हणजे हातात धरून एका डोळ्याने बघायची. माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. एका विक्रेत्याने मला बंदुकीचा थर्मल स्कोप "हाच घ्या साहेब, मोनोक्युलरपेक्षा स्वस्त लावतो" म्हणून दाखवला. हातात घेतला, डोळ्याला लावला, तर काही दिसेना. कारण झटका बसून डोळा फुटू नये म्हणून स्कोप डोळ्यापासून काही सेंटिमीटर दूर धरायचा असतो. मधोमध निशाण्याची फुली, जी काही केल्या जात नाही. चित्र आधीपासूनच मोठं केलेलं, त्यामुळे बाजूचं काही दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे, रात्री जंगलाच्या कडेला फुली असलेलं यंत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पोलीस काय विचारतील याचा मी विचार केला. यंत्र परत दिलं.

गॅलरीतून आणि रस्त्याच्या कडेने बघायला ३८४ सेन्सर, १९ किंवा २५ ची लेन्स पुरते. १९ मध्ये जवळजवळ चौदा अंशांचं दृश्य मिळतं, २५ मध्ये साडेदहा. अगदी पहिल्या पायरीची यंत्रं मी बघितली तेव्हा पन्नास-साठ हजारांपासून होती. मोबाइलला खोचायची स्वस्त थर्मल घेऊ नका. ती एसीची गळती आणि भिंतीतली ओल शोधायला उत्तम, डोंगर बघायला नाहीत.

घेण्याआधी दुकानदाराला सांगून ते रस्त्यावर आणा आणि शंभर पावलांवरचा कुत्रा बघा. दुकानातल्या एसीत सगळ्यांचे चेहरे झकास दिसतात.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- यंत्राचं नावानिशी पक्कं बिल, त्याचा फोटो मोबाइलमध्येही
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- जादा बॅटरी (बहुतेकांत १८६५० सेल असतो, लोकल कंपनीचा फुगणारा घेऊ नका)
- साधी टॉर्च, का ते पुढे येईल
- लेन्सचा मऊ कपडा. शर्टाच्या टोकाने जर्मेनियम पुसलं की वरचा लेप गेला

५. जागा: आत जायची गरज नाही

राष्ट्रीय उद्यानात रात्री फिरायला बंदी आहे. येऊरच्या वनखात्याच्या नाक्यावर हुज्जत घालू नका. "मामा, अर्धा तास फक्त" हे तिथल्या लोकांनी तुमच्या जन्माआधीपासून ऐकलंय. आणि आत जायची गरजही नाही, कारण जनावरं कडेला येतात. २०१९ मध्ये तर बिबळ्या ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरला आणि शेवटी एका हॉटेलच्या तळघरातून पकडला गेला.

सगळ्यात चांगली जागा आपली गच्ची. घोडबंदर रोड, कोकणीपाडा, वसंत विहार, उपवनच्या बाजूला ज्यांची खिडकी डोंगराकडे आहे त्यांनी दुसरीकडे कुठे जाऊ नये. गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी लेखी कळवा. मी नाही कळवलं. तिसऱ्या रात्री समोरच्या इमारतीतल्या काकूंनी वॉचमनला पाठवलं, "तो माणूस आमच्या बेडरूममध्ये बघतोय." थर्मल काचेतून बघू शकत नाही, हे त्यांना त्या वेळी पटवून देणं किती अवघड गेलं असेल, विचार करा. त्यांना गच्चीवर बोलावून यंत्र हातात दिलं, त्यांना झाडावरचं उदमांजर दिसलं. आता त्याच मला फोन करतात.

नवी मुंबईकरांचं नशीब वेगळं. तुमच्याकडे खाडी आहे. वाशी, नेरुळ, खारघरच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत, आणि वाशीच्या मिनी सीशोअरसारख्या सार्वजनिक काठावरून त्यांची ये-जा दिसू शकते. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून त्यांच्यासाठी अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. खारफुटीत उतरू नका, ते वन आहे आणि चिखल कमरेपर्यंत आहे. भरधाव गाड्यांच्या पाम बीच रोडच्या कडेला गाडी लावून बघणं हा स्वतःची शिकार करून घ्यायचा प्रकार.

आणि एक सापळा, ज्याबद्दल कुणी सांगत नाही. येऊरच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे. कोलशेतलाही आहे. वाशीच्या काठावरून खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर दिसतो. त्या दिशांना यंत्र रोखू नका, रेकॉर्डिंग तर अजिबात नको. तुम्ही कोल्हा बघत होता हे नंतर सांगत बसावं लागेल.

६. वेळ आणि हवा

मे महिन्यात रात्री नऊ वाजता यंत्र चालू केलंत तर पैसे पाण्यात गेले असं वाटेल. दिवसभर तापलेला कातळ आणि डांबर तेव्हाही जनावराइतकंच गरम असतं. समोर सगळा डोंगर पांढरा आणि त्यात शेकडो "बिबळे" स्वस्थ बसलेले. ते दगड आहेत. त्यातून आपली दमट हवा, जी या किरणांचा बराच भाग मधेच गिळते.

हाच डोंगर जानेवारीत पहाटे साडेचारला बघा. दगड निवालेले, हवा कोरडी, आणि लांबवर भेकराच्या पायांच्या काड्यासुद्धा सुट्या दिसतात. माझ्या चांगल्या नोंदींपैकी बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीच्या, पहाटे चार ते सहामधल्या. सूर्य उगवल्यावर थोडा वेळ दगड आणि जनावर पुन्हा एका तापमानाला येतात आणि चित्र विझतं, तेव्हा चहाला जा. सूर्याकडे यंत्र कधीच रोखू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडतो.

पावसाळ्यात यंत्र डब्यात. धो धो पावसात शंभर मीटरपलीकडे काही नाही.

खाडीवाल्यांसाठी एक उलटी गोष्ट. थंडीच्या रात्री जमीन निवते पण पाणी ऊब धरून ठेवतं, त्यामुळे खाडी पांढरी आणि काठ काळा दिसतो. पाण्यात उभे असलेले पक्षी पाण्यासमोर हरवतात. तेव्हा रंगसंगती बदलून "काळं म्हणजे गरम" करून बघा.

७. डोळ्याला लावल्यावर

खिडकी उघडा. पूर्ण. काचेतून थर्मल आरपार बघत नाही, काचेत तुमचंच भूत दिसतं. गाडीची काचही तशीच. मच्छरजाळीही सरकवा, मी पंधरा दिवस जाळीतून बघून यंत्राला शिव्या घातल्या.

एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेलं तर लेन्सवर बाष्प बसतं. वीस मिनिटं आधी पिशवीत बाहेर ठेवा. मधूनच "टक" असा आवाज येऊन चित्र गोठतं, ते बिघडलेलं नाही. यंत्र आतली झडप पाडून स्वतःला सावरून घेतंय.

पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवा. नाहीतर यंत्र खाली घेतल्यावर तो डोळा काही मिनिटं आंधळा. यंत्र डोळ्याला लावून चालू नका, खोल-उथळ कळत नाही, पायरी हुकते. आणि आता टॉर्चची गोष्ट: साप थर्मलमध्ये दिसत नाही. त्याचं अंग आजूबाजूच्या जमिनीइतकंच थंड असतं. दोनशे मीटरवरचं भेकर बघण्यात गुंग झालेल्या माणसाला पायाजवळची घोणस दिसणार नाही. थांबण्याआधी पायाखाली टॉर्च मारा, बूट घाला. हे मी उगाच सांगत नाही.

डोंगर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत बघा, एका फेरीला पाच मिनिटं. पांढरा ठिपका सापडला की त्याच्याकडे टक लावू नका, बाजूच्या झाडाकडे बघत राहा आणि तो सरकतो का ते बघा. दगड सरकत नाही.

आता ओळख. ही यंत्र देत नाही, सवय देते. ठिपके मोजण्यापेक्षा चाल बघा. बिबळ्या खाली मान, लांब शेपूट मागे लोंबती, टोक वर वळलेलं, थांबत थांबत. उदमांजर लांबट, फांदीवरून किंवा केबलवरून. पिंगळ्याची पिसं ऊब अडवतात, त्यामुळे फक्त तोंड उजळतं. कोल्हा आणि गावठी कुत्रा यांच्यात मी आजही फसतो. कोल्ह्याची झुबकेदार शेपूट थंड, म्हणून गडद आणि खाली पडलेली. कुत्र्याची बहुधा वर वळलेली. पण दीडशे मीटरवर २५ च्या लेन्समध्ये दोघांनाही सहाच ठिपके मिळतात.

येऊरच्या एका पाड्यावरच्या आजीला मी एकदा माझं रेकॉर्डिंग मोठ्या अभिमानाने दाखवलं होतं. त्या लोकांकडे वाघोबा पुजतात. तिने पडदा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाली, "बाळा, हा आमचा बोकड."

बंदूक, भाला, फास किंवा टॉर्चवाली टोळी दिसली तर स्वतः शहाणपणा करू नका. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा, जागा आणि वेळ सांगा, दिवा न लावता घरी जा.

८. वही ठेवा, जागा सांगू नका

बिबळ्याची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की दुसऱ्या रात्री त्या भिंतीपाशी चाळीस माणसं आणि तीन ड्रोन. मी एकदा केलं, पुन्हा केलं नाही. वहीत तारीख, वेळ, हवा, अंतराचा अंदाज आणि खात्री किती, एवढं लिहा. खात्रीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीतली गेल्या हिवाळ्यातली एक ओळ, जशीच्या तशी:

"पहाटे ४.५०. वाशी. कोरडी हवा, ओहोटी. खारफुटीच्या कडेने एक जनावर, दीडशे मीटर, डावीकडून उजवीकडे, एकदा थांबून मागे बघितलं. कोल्हा? शेपूट दिसली नाही. खात्री: निम्मी."